जमाखर्चाबाहेरची माणसे

राष्ट्राची संपत्ती वाढली की राष्ट्रातील माणसांचे कल्याण ओघानेच होते, ही समजूत अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून कचेऱ्यांत आणि कचेऱ्यांतून अर्थसंकल्पाच्या भाषणांत इतक्या सहजतेने उतरली आहे की, ती एकदा तरी तपासून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. संपत्ती हे साधन आणि कल्याण हे साध्य, हे विचारल्यावर जो तो मान्य करतो. परंतु साधन हस्तगत होईपर्यंत साध्याने दाराशी तिष्ठत बसावे, अशी व्यवस्था आपण प्रत्यक्षात करून ठेवली आहे, आणि या तिष्ठण्याला मुदत मात्र घातलेली नाही. कारखाना कोणत्या वर्षी सुरू व्हावयाचा, नळातून पाणी कोणत्या महिन्यात वाहावयाचे, याच्या तारखा सरकारी दफ्तरात आधीच मुक्रर झालेल्या असतात. उठलेल्या गावास घर, नासलेल्या नदीस शुद्धी आणि गमावलेल्या उपजीविकेस पर्याय कधी मिळावयाचा, याच्या रकान्यात मात्र ‘यथावकाश’ एवढाच शेरा आढळतो. अर्थव्यवस्थेस माणसांच्या आधी बसविण्याचे जे दुष्परिणाम समाजास भोगावे लागतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्यापेक्षा या कालक्रमात शोधले असता अधिक स्पष्टपणे दिसते. तो कालक्रम पाहण्यास ठाणे जिल्ह्यातील बारवी धरण हे एक उत्तम स्थळ आहे.

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकमेकांना जवळजवळ चिकटून वसलेली आहेत. बदलापूर सोडून मुरबाडच्या दिशेने डोंगराळ, रानाच्या मुलखात शिरले की अंबरनाथ आणि मुरबाड या तालुक्यांच्या हद्दीवर बारवी नदी अडविणारी भिंत लागते. या परिसरात पावसाळ्यात पाण्यास तोटा नाही. पण भातखाचरे तुडुंब भरून टाकणारे हेच पाणी दिवाळीनंतर ओढ्यानाल्यांतून खाडीकडे निघून जाते आणि फाल्गुन-चैत्रात विहिरींचे तळ दिसू लागतात. असे पाणी अडवून ठेवावे आणि बारमाही उपयोगात आणावे, ही कल्पना स्वतः अत्यंत रास्त होती. धरण बांधण्यात कसूर झाली, असे या प्रकरणाचे म्हणणे नाही. धरण कोणासाठी प्रथम आणि कोणासाठी नंतर, एवढाच येथे प्रश्न आहे.

या मुलखात कारखानदारी आली ती स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी. अंबरनाथास रासायनिक द्रव्यांचे आणि आगपेट्यांचे कारखाने पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकातच उभे राहू लागले होते. त्यानंतर देशाची फाळणी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या ओस पडलेल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. त्या वस्तीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या माणसांनी बराकींच्या ओसरीवर लहानलहान धंदे उभारले, आणि काही वर्षांतच त्या छावणीचे एका गजबजलेल्या बाजारपेठेत रूपांतर केले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६१ साली औद्योगिक विकासाचा कायदा झाला, आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. कारखानदारास जमीन, रस्ता, वीज आणि पाणी या चारही गोष्टी एका ठिकाणी तयार मिळाव्यात, हे त्या महामंडळाचे कार्य. मुंबईत जागा उरली नव्हती, तरुणांना काम हवे होते, आणि नव्या राज्यास आपले सामर्थ्य सिद्ध करावयाचे होते. म्हणून या महामंडळाने बारवी नदीवर स्वतःच्या मालकीचे धरण बांधले. त्याचा पहिला टप्पा १९७२ साली पुरा झाला. शेतीसाठी किंवा गावांच्या पेयजलासाठी पाटबंधारे खात्याने बांधलेल्या धरणांहून हे धरण जन्मतःच निराळे होते. याचा धनी उद्योगाचा पुरवठादार होता.

धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच उल्हास नदीस मिळते. पुढे जांभूळ येथे ते उपसून शुद्ध केले जाते आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांनी डोंबिवली, अंबरनाथ, तळोजे, ठाणे-बेलापूर अशा औद्योगिक क्षेत्रांस पुरविले जाते. कारखान्यांच्या मागोमाग माणसे आली, माणसांच्या मागोमाग इमारती आल्या, आणि कारखान्यांसाठी योजलेले पाणी हळूहळू कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, ठाणे यांसारख्या महानगरपालिकांच्या नळांतही वाहू लागले. उल्हासनगरास तर पाण्याचा स्वतःचा असा स्रोतच नाही. ते शहर सर्वस्वी या महामंडळाच्या पाण्यावर विसंबून आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती, ती २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मागणी अशी वाढत गेली तशी धरणाची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. तिसऱ्या टप्प्यात ती आणखी चार मीटरांनी वाढून पाण्याची पूर्ण पातळी ७२.६० मीटर झाली, आणि सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर असलेला साठा ३४० दशलक्ष घनमीटरांपर्यंत गेला.

येथवरची सारी हकिकत जमेच्या बाजूची झाली. भिंत चार मीटरांनी वर गेली म्हणजे पाण्याची कड डोंगरउतारावरून आत सरकते, आणि त्या उतारावर माणसे राहत असतात. तोंडली, मोहघर, काचकोली, कोळे-वडखळ, मानिवली ही नावे शहरातील पाणीपट्टीच्या पावतीवर कोठेही छापलेली नसतात. परंतु त्या पावतीमागील पाणी या गावांच्या शिवारांवर उभे आहे. या पट्ट्यात कुणबी शेतकऱ्यांच्या जोडीने ठाकूर आणि कातकरी या आदिवासी जमातींची वस्ती आहे. भाताची खाचरे, नाचणी-वरीचे वरकस, रानातील मोह आणि करवंदे, ओढ्यातील मासळी, शेळ्यांची चराई अशा अनेक लहान आधारांवर येथील संसार उभा असतो. सातबाऱ्यावर यांपैकी फक्त जमिनीची नोंद असते, आणि तीही ज्याच्या नावे असेल त्याचीच. म्हणून मोबदला आकारला जातो तो जमिनीचा. रान, ओढा आणि शेजार या तीन गोष्टींना सरकारी दरपत्रकात भाव नाही. ज्या कातकऱ्याच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती, त्याचे काहीच बुडाले नाही, असा निष्कर्ष या हिशेबातून निघतो. वास्तविक त्याचे सर्वच बुडालेले असते.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. १९७२ साली धरण उभे राहिले तेव्हा भूसंपादनासाठी हाताशी कायदा होता तो इंग्रजी अमदानीतील, १८९४ चा. त्या कायद्यास जमीन घेणे ठाऊक होते, पैसे देणे ठाऊक होते. उठविलेला मनुष्य पुढे कोठे राहावयाचा, हे त्यास ठाऊक नव्हते. प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. असा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर ठरला, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण धरण आधी आणि कायदा चार वर्षांनी, हा क्रम त्या अभिमानातही लपत नाही.

तिसऱ्या टप्प्याच्या वेळी या क्रमाचे परिणाम अर्थव्यवस्थेलाच भोगावे लागले. भिंत उंचावली गेली, तरी गावे हलेनात. कारण आधीच्या पिढीस मिळालेल्या आश्वासनांचे काय झाले, हे नव्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. पैसे हातात पडतात आणि संपतात. तेव्हा प्रत्येक बाधित कुटुंबातील एकास कायमची नोकरी हवी, अशी मागणी पुढे आली. बाराशेच्या आसपास कुटुंबांचा हा प्रश्न वर्षानुवर्षे आंदोलने, बैठका आणि तहकुब्या यांत घोळत राहिला, आणि उंच केलेल्या भिंतीमागे पुरेसे पाणी साठविता येईना. एखाद्या वर्षी पाऊस लांबला की इकडे शहरांत पाणीकपात सुरू होई. अखेरीस, ज्या महानगरपालिका आणि नगरपालिका या धरणाचे पाणी घेतात त्यांनी आपापल्या वाट्याच्या प्रमाणात बाधितांना नोकऱ्या द्याव्यात आणि महामंडळानेही काही द्याव्यात, असे ठरले. २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या पातळीपर्यंत प्रथमच भरले. पाणी पिणाऱ्या शहराने पाणी देणाऱ्या गावाचे ऋण फेडावे, हे त्यामागील तत्त्व अत्यंत न्याय्य आहे. ते पहिली वीट रचण्यापूर्वी अमलात आणले असते, तर गावांची फरफट टळली असती आणि शहरांची तहानही आधी भागली असती. माणसास मागे ठेवून वेळ वाचतो, ही समजूत व्यवहाराच्या कसोटीसही उतरत नाही, याचा हा घरचाच दाखला आहे.

मुरबाड आणि शेजारचा शहापूर हे तालुके मुंबई-ठाण्याच्या पाण्याचे माहेर. भातसा, तानसा, वैतरणा यांचे विशाल जलाशय शहापुरात आहेत. तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यांतील कितीतरी पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. आता राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धतीने या दृश्याकडे पाहू. पाड्यावरील बाई ओढ्याच्या झऱ्यातून हंडा भरून आणीत होती तोवर त्या पाण्याची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद नव्हती, कारण पैशाचा व्यवहार झाला नव्हता. झरा आटला, टँकर आला, चालकास पगार मिळाला, इंधन विकले गेले. उत्पन्नात भर पडली. बाई होती तशीच तहानलेली राहिली, कदाचित अधिक दमली, आणि राष्ट्र मात्र कागदावर श्रीमंत झाले. हे वैगुण्य त्या मापपद्धतीच्या शिल्पकारांस अज्ञात होते असे नाही. सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला विस्तृत अहवाल मांडला, तेव्हाच या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढणे कठीण आहे, असा इशारा त्याने दिला होता. राज्यकर्त्यांनी आकडा स्वीकारला आणि इशारा अहवालातच राहू दिला. पुढे १९९० साली महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या प्रयत्नांतून आयुर्मान आणि शिक्षण यांची उत्पन्नाशी सांगड घालणारा मानव विकास निर्देशांक आला. परंतु अर्थमंत्र्यांची झोप उडते ती अद्याप पहिल्या आकड्यानेच.

पाणी कारखान्यात जाते, तसे ते कारखान्यातून बाहेरही पडते. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरांतून उगम पावणारी वालधुनी ही नदी अंबरनाथचे शिवमंदिर आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणपाशी उल्हास नदीस मिळते. शिलाहारांच्या काळात, इसवी सन १०६० मध्ये पूर्ण झालेले हे मंदिर जिच्या काठी बांधावेसे वाटले, ती नदी एकेकाळी निर्मळ असली पाहिजे, हे सांगण्यास शिलालेखाची गरज नाही. आज रासायनिक सांडपाणी आणि शहरांचा मैला यांनी तिचे गटार झाले आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी एका टँकरमधून घातक रसायन वालधुनीच्या पात्रात चोरून ओतले गेले, त्यातून उठलेल्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांचे श्वास कोंडले आणि त्यांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. रसायनावर रीतसर प्रक्रिया करण्यास खर्च येतो. रात्रीच्या अंधारात ते नदीत सोडण्यास येत नाही. म्हणजे उत्पादनाचा खर्च कमी झाला असे जेव्हा ताळेबंद सांगतो, तेव्हा तो खर्च नाहीसा झालेला नसतो. ज्याचा त्या मालाशी काडीचाही संबंध नाही, अशा काठावरच्या रहिवाशाच्या फुप्फुसात तो जमा झालेला असतो.

उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. न्यायाधिकरणाने २०१५ साली सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना दंड ठोठावला. पुढे न्यायालयीन हुकुमांच्या ओघात २०१८ साली उल्हासनगरातील जीन्स धुण्या-रंगविण्याचे कारखाने बंद करण्यात आले. नदीच्या दृष्टीने ही कारवाई आवश्यक होती, यात संशय नाही. परंतु तिचा भार कोणावर पडला? दूरच्या बाजारात आपल्या शिक्क्याखाली कपडा विकणाऱ्यास झळ लागली नाही. ती लागली रसायनाच्या पिंपात हात घालून रोजंदारी कमावणाऱ्या मजुरास. तो आधी त्वचेने आणि श्वासाने किंमत देत होता, मग त्याने रोजगाराने दिली. माणसाच्या आरोग्याचा विचार धंदा सुरू करतेवेळी केला नाही, म्हणजे तो धंदा बंद करतेवेळी करावा लागतो, आणि तेव्हा आरोग्य व उपजीविका यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग गरिबावर येतो. उद्योग आणि पर्यावरण यांचे वैर स्वाभाविक आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे वैर निष्काळजीपणाने निर्माण केलेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

बारवीच्या जलवाहिनीच्या वाटेवरील डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे मृत्यू पावली, आणि घरांच्या काचा दूरवर फुटल्या. त्यानंतर धोकादायक कारखाने वस्तीपासून हलविण्याची चर्चा झाली. ती चर्चा चालू असतानाच २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक क्षेत्रात दुसऱ्या कारखान्यात तसाच भीषण स्फोट होऊन पुन्हा प्राणहानी झाली. दोन स्फोटांच्या दरम्यान आठ वर्षे गेली. आठ वर्षांत या परिसरात किती मजले चढले, हे कोणीही मान वर करून पाहू शकतो. कारखाना आणि घर यांमधील अंतर मात्र वाढले नाही.

हा रोग एकट्या आपल्याच देशाचा, असेही समजू नये. जपानमधील मिनामाता या किनारी गावात चिस्सो नावाच्या कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तेथील मासे खाणाऱ्या कोळ्यांना मज्जासंस्थेचा विलक्षण आजार जडू लागला, त्याची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली. सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविणारे संशोधन १९५९ पर्यंत हाती आले होते. तरी सरकारने कारखान्याचे सांडपाणी हेच कारण, असे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे ती जुनी उत्पादनपद्धती कंपनीने स्वतःच सोडून दिल्यावर. मधली बारा वर्षे जपानच्या आर्थिक भरभराटीची म्हणून इतिहासात गणली जातात. कोळ्यांच्या मुलांच्या वाकड्या झालेल्या हातापायांची त्या भरभराटीत वजावट झाली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. गरीब देशास आधी संपत्ती निर्माण करू द्या, वाटणी आणि सुधारणा मग पाहता येतील. कल्याणाचा आग्रह आताच धरल्यास उद्योग बुडेल आणि वाटावयास काहीच उरणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. उल्हासनगरच्या निर्वासितांना उद्योगानेच जगविले आणि बारवीच्या पाण्याने लाखो कुटुंबांची चूल पेटती ठेवली, हे कबूल केल्यावाचून या आक्षेपास उत्तर देता येणार नाही. पण उद्योग बुडेल, ही भविष्यवाणी महाराष्ट्रास नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधून आठवड्यास एक दिवस सुटी मागितली, तेव्हाही उत्पादनाचे काय, असाच प्रश्न होता. १८९० साली रविवारची सुटी मिळाली, आणि त्यानंतरही मुंबईच्या गिरण्यांचा विस्तार कित्येक दशके होतच राहिला. याउलट १९२१ साली मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो मोडून काढून टाटांचे धरण झाले. मुंबईस वीज मिळाली, परंतु धरण म्हटले की सरकारवर विश्वास ठेवू नये, हा धडा महाराष्ट्राच्या खेड्यांनी तेव्हापासून गिरविला. विश्वास हेही एक भांडवलच आहे, आणि ते गमावल्याची किंमत बारवीच्या तिसऱ्या टप्प्याने मोजली.

क्रम बदलता येतो, हेही राज्याच्याच दफ्तरात आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पाणीवाटपाच्या अग्रक्रमात पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास दुसरे आणि शेतीस तिसरे स्थान दिले होते. त्यावर बराच वाद झाला, आणि २०११ साली शेतीस दुसरे स्थान परत मिळाले. हा बदल कोणत्याही नैसर्गिक नियमाने झाला नाही, तो लोकांच्या आग्रहाने झाला.

वाचकाने म्हणूनच कोणत्याही प्रकल्पाविषयी एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: यात उत्पादनाची तारीख दिली आहे, माणसांची तारीख कोणती? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पाटबंधारे आणि जलविद्युत प्रकल्पांपुरते या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले आहे. जमीन पाण्याखाली जाण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पुरे झाले पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. तोच दंडक कारखान्याच्या सांडपाण्यास, घातक रसायनांच्या साठ्यास आणि शहराला पाणी देणाऱ्या प्रत्येक पाड्याच्या पाण्यास लागू केला पाहिजे; आणि जोपर्यंत तो लागू होत नाही, तोपर्यंत ज्यास आपण विकास म्हणतो त्याचा काही भाग दुसऱ्याच्या नावावर काढलेले, न फेडलेले कर्ज आहे, असेच समजणे योग्य ठरेल.